पाचव्या भाकरीचा नियम

आजरा, जि. कोल्हापूर
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिलंत ते वाचून दाखवलं तेव्हा आई खूश झाल्या, मी नाही. नवऱ्यानं बायकोला आशीर्वाद द्यायचे ही तुमच्या आजोबांच्या वेळची रीत. मला आशीर्वाद नकोत, उत्तरं हवीत. मागच्या पत्रात पाच प्रश्न विचारले होते, त्यातल्या दोनांचीच उत्तरं आली. परीक्षेतही असंच केलं असणार, म्हणून तर अर्थशास्त्र राहिलं.

रागावू नका. चिडवायला मला दुसरं आहे कोण? तुमच्या चौकीवर मोबाइलला रेंज नाही, आणि पलटणीच्या फोनवर आठवड्याला चार मिनिटं, त्यातही मागं रांग. मग हा कागदच बरा. पोस्टमन आकाराम सांगत होता की हातानं पत्ता लिहिलेली पाकिटं आता गावात आपल्याच घरची असतात, बाकी सगळी बँकेची.

सोबत अर्थशास्त्राचं चौथं प्रकरण आहे. घटत्या उपयोगितेचा नियम पुस्तकात चार पानं आहे आणि चारही पानं डोक्यावरून जातात. मी असा लिहिलाय: भुकेल्या माणसाला पहिली भाकरी अमृतासारखी लागते. दुसरी चांगली लागते. तिसरी ठीक. चौथी आपण खातो. पाचवी आमच्या बयाबाई ताटात टाकतात म्हणून खातो. भाकरी पाचही सारख्याच असतात, कमी होतं ते आपलं समाधान. आईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या की माझी पाचवी भाकरी कुणी टाकून दिलेली न्हाय, तसंबी लिव त्यात.

चार वर्षं झाली या उद्योगाला. पुस्तकं इथं राहतात, मी वाचते, सोपं करून पाकिटात घालते, तुम्ही वाचून परीक्षा देता. माझं बी.ए. लग्नामुळं पहिल्या वर्षानंतर थांबलं, ते असं तुमच्या नावानं पुरं होतंय. आता एकच पेपर. मग तुमची सतरा वर्षांची नोकरी, पेन्शन, कोल्हापुरात एखाद्या कचेरीत काम आणि येत्या जूनला प्रियूला तिथंच आठवीला घालायचं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खाताना हे सगळं तुम्हीच ठरवलं होतं. मी फक्त हो म्हटलं होतं, पण ते मनापासून म्हटलं होतं.

पेन्शनीचा अर्ज दिलात का? हा तिसरा प्रश्न, मागच्याच पत्रातला.

आहे तो लोभ तसाच ठेवा, वाढवायला तुम्हाला वेळ कुठला.

तुमची,
निशा


मार्फत ५६ एपीओ
२० ऑक्टोबर २०२४

सौ. निशास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. (तू चिडतेस म्हणून मुद्दाम.)

चौथं प्रकरण मिळालं. पाचव्या भाकरीला मी इतका हसलो की शेजारच्या बंकरमधून विचारायला आले. आईला सांग, तिची एकही भाकरी वाया गेल्याचं मला आठवत नाही. इथल्या लंगरच्या चपातीत तो नियम पहिल्याच घासाला लागू होतो.

आता प्रश्नांची उत्तरं ओळीनं. तब्येत बरी. थंडी सुरू झाली आहे, मोजे पुरेत. खोकला गेला. अर्ज दिला आहे, साहेबांच्या टेबलावर आहे, वर जायला वेळ लागतो. दिवाळीला रजा नाही. शेवटचं वाचून तुझं तोंड कसं होणार ते मला इथून दिसतंय.

एक काम आहे. यापुढं नोट्स काळ्या शाईनं लिही, निळी नको. कागदाच्या एकाच बाजूला लिही, आणि ओळी सुट्या सोड. बंकरमध्ये उजेड कमी असतो, डोळ्यांना बरं पडतं. दुसरं म्हणजे भाषा आणखी सोपी कर. दहावी कशीबशी झालेल्या पोराला समजावतेस असं समज. मी फार दमलेला असतो, अवघड वाक्य डोक्यात शिरत नाही. आणि जमलं तर राज्यशास्त्राचीही दोन-तीन प्रकरणं नव्यानं लिहून पाठव, उजळणी होईल.

प्रियूला सांग की तिच्या गणिताच्या गुणांवर बाबा खूश आहेत. तुझ्यावर तर कायमच आहेत.

माया कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
कृष्णात


आजरा
८ डिसेंबर २०२४

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. तुमच्या वाटणीचं उटणं आईंनी कागदात बांधून ठेवलंय, जूनमध्ये आल्यावर लावायचं म्हणतात. उन्हाळ्यात उटणं लावणारे तुम्ही पहिलेच.

काळ्या शाईचं पेन घेतलं, अर्थशास्त्राची आधीची चारही प्रकरणं नव्यानं लिहिली, एकाच बाजूला, ओळी सोडून. टपाल जड झालं म्हणून आकाराम मला हसला. दहावीच्या पोराला समजेल असं लिहिताना मला मजा आली, खरं सांगते. समोर कुणीतरी बसलंय आणि मी त्याला शिकवतेय असं वाटत होतं. पण राज्यशास्त्राची उजळणी कशाला? तो विषय तुम्ही दोन वर्षांपूर्वीच सोडवलाय, बासष्ट गुण होते. मला पाठ आहे. सोडवलेल्या विषयाची उजळणी करणारा जवान मी पहिल्यांदाच बघतेय. तरीही सोबत तीन प्रकरणं पाठवतेय. संघराज्य म्हणजे काय ते तीन जावांच्या एका स्वयंपाकघरावरून समजावलंय, तुमच्या मोठ्या वहिनींना दाखवू नका.

शेवटच्या पानावर उत्तर कसं लिहायचं तेही लिहिलंय. तुमची एक खोड आहे, प्रश्न वाचला की आधी मत देता. तसं करू नका. पहिलं काय पाहिलं ते लिहायचं, मग काय वाटलं ते. तपासणाऱ्याला आधी खरं काय ते कळू दे.

आता माझी बातमी. काजूच्या कारखान्यात प्रतवारीच्या टेबलावर बारा वर्षं अख्खा, पाकळी, तुकडा निवडतेय. मालकांनी मला सुपरवायझर करतो म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. जूनला आम्ही कोल्हापूरला चाललोय, चार-सहा महिन्यांसाठी जागा अडवणं बरोबर दिसत नाही असं सांगितलं. ते काम संयोगिताला मिळालं, ती माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेली. वाईट थोडं वाटलं, पण तिच्यापुढं दाखवलं नाही.

कोल्हापूरला जाऊन खोलीही बघून आले. रंकाळ्याजवळ झुंबरबाई म्हणून आहेत, एकट्याच राहतात. त्यांच्या मागच्या दोन खोल्या. त्यांनी विचारलं की मालक काय करतात. मी सांगितलं, मिलिटरीत आहेत, पण बी.ए. झालेत. एक विषय राहिलाय ते सांगितलं नाही. बघा, तुमच्यासाठी खोटंही बोलायला लागले.

अर्जाचं काय झालं ते सविस्तर कळवा. लोभ आहे, अर्ज मंजूर झाला की दुप्पट होईल.

तुमची,
निशा


मार्फत ५६ एपीओ
१२ जानेवारी २०२५

सौ. निशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळी प्रकरणं मिळाली. बर्फ पडतोय, टपाल खालून खेचरावर येतं, त्यामुळं उशीर होतो. काळजी करू नकोस.

तुझं ते 'पहिलं काय पाहिलं, मग काय वाटलं' फार कामाला आलं. परीक्षेचं नव्हे, इथलंच सांगतो. गस्तीवरून आल्यावर पोरांना रिपोर्ट लिहावा लागतो. पूर्वी लिहायचं म्हटलं की पोरांना घाम फुटायचा, कुणाकडून तरी लिहून घ्यायची, आणि त्यात 'धोका वाटतो' एवढंच असायचं. कसला धोका, कुठं, काही नाही. आता ती स्वतः लिहितात. मागच्या आठवड्यात एकानं लिहिलं की अमुक वळणावर उतारावरच्या बर्फाला हातभर रुंद भेग दिसली, काल नव्हती. साहेबांनी तो रस्ता बंद केला. तिसऱ्या दिवशी तो उतार खाली आला. त्या वाटेनं सहा जण जाणार होते. तुझ्या एका ओळीची ताकद बघ.

सुपरवायझरचं काम सोडायला नको होतंस. खोलीचीही घाई करू नकोस. सरकारी काम आहे, जूनचं ऑगस्ट होऊ शकतं. झुंबरबाईंना तसं सांगून ठेव.

अर्थशास्त्राचं पाचवं प्रकरण लवकर पाठव.

आठवण काढतेस ना? काढत जा.

तुझा,
कृष्णात


आजरा
२३ फेब्रुवारी २०२५

हवालदार कृष्णात देसाई यांस,
स. न. वि. वि.

मायना वाचून दचकला असाल. मीही दचकले होते. मीच शिकवलेल्या रीतीनं लिहिते, पहिलं काय पाहिलं ते.

परवा, शुक्रवारी, मी कारखान्यातून घरी आले तर दारात एक पोरगा उभा. पायांत मिलिटरीचे बूट, हातात अक्रोडांची पिशवी. त्यानं विचारलं की हवालदार देसाई साहेबांचं घर हेच का. मी म्हटलं, पावणं, चुकलात, आमचे अजून हवालदार नव्हेत, नाईकच आहेत. तो हसला आणि म्हणाला की वहिनी, बढतीला दोन महिनं झालं की, तुम्हास्नी सांगितलं न्हाय व्हय सरांनी. त्याला वाटलं, तुम्ही लाजून सांगितलं नसेल.

त्याचं नाव आदर्श, शाहूवाडीकडचा, रजेवर आलाय. तुम्हाला न सांगता, मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या पाया पडायला आला. मी त्याला बसवलं. आई पाणी घेऊन आल्या. मी त्यांचं नाव सांगितलं तसा तो ताडकन उठला आणि त्यांना म्हणाला की म्हंजे पाचव्या भाकरीच्या बयाबाई तुम्हीच. आई बघतच राहिल्या. मी पण.

मग त्यानं बॅगेतून बाड काढलं. झेरॉक्स केलेलं, वर जाड पुठ्ठा. पुठ्ठ्यावर छापलंय: 'सोपे अर्थशास्त्र व राज्यशास्त्र. लेखक: हवालदार कृष्णात देसाई, बी.ए.' आत माझं अक्षर. काळी शाई, एक बाजू, सुट्या ओळी. माझी भाकरी, माझ्या तीन जावा. जिथं मी कडेला 'अहो, इथं लक्ष द्या' असं लिहिलं होतं, तेवढं पांढऱ्या शाईनं पुसलेलं. पोरगा म्हणाला की सरांचं अक्षर मोत्यासारखं हाय.

तोच आपणहून बोलत होता, मी काही विचारलं नाही. गेल्या जुलैमध्ये सर पहिल्या वर्गात बी.ए. झाले, पलटणीनं बडाखान्याची पंगत घातली, साहेबांनी सगळ्यांपुढं पाठ थोपटली. ऑगस्टपासून अकरा जणांचा वर्ग सुरू झाला. सरांना विचारलं होतं की पेन्शनीवर जाणार की थांबणार, तर सरांनी राजीखुशीनं थांबतो म्हणून सही केली. म्हणून बढती. अजून बरीच वर्षं सर आमच्यातच हायत, असं तो आनंदानं सांगत होता.

हे पाहिलेलं झालं. आता वाटलेलं.

जुलैमध्ये तुम्ही पास झालात. फोनवर मला सांगितलंत की एक विषय राहिला. नेटवर निकाल बघायला मला पाच मिनिटं लागली असती. मी बघितला नाही, कारण तुम्ही सांगितलं होतं. टेबलावर अर्ज नव्हताच. सात महिने मी त्या विषयासाठी वाचत होते जो राहिलाच नव्हता. दुपारच्या सुट्टीत काजूच्या पोत्यांवर बसून लिहायचे, बाकीच्या बाया हसायच्या. सुपरवायझरचं काम सोडलं. प्रियूनं तिच्या मैत्रिणींचा निरोपही घेतलाय. आणि तुम्ही मला लिहिलंत की खोलीची घाई करू नकोस.

मला सगळ्यात जास्त कशाचं लागलंय ते सांगते. माझी अशी समजूत होती की एकेक प्रकरण पाठवलं की तुम्ही एकेक पाऊल घराकडं येताय. आणि तुम्ही माझ्याच कागदांवर तिथं घर बांधत होतात. मीच माझ्या हातानं तुम्हाला तिथं ठेवून घेतलं. मला विचारलं असतंत तर मी रडले असते, भांडले असते, आणि कदाचित नोट्स लिहूनही दिल्या असत्या. विचारलं नाहीत.

त्या पोराला मी काही बोलले नाही. दारात आलेल्या माणसापुढं नवऱ्याची लाज काढायची माझ्यानं झालं नाही. जेवू घातलं. पाचवी भाकरी आईंनी टाकली, त्यानं हसत खाल्ली.

पाचवं प्रकरण लिहून तयार आहे. पाठवत नाही.

लोभाविषयी आज काही लिहीत नाही.

निशिगंधा


मार्फत ५६ एपीओ
१६ मार्च २०२५

प्रिय निशा,

आशीर्वाद लिहायचं धाडस होत नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. एकही ओळ खोटी नाही. मी चुकलो. तरी का चुकलो ते ऐक, मग काय ती शिक्षा दे.

निकाल लागला त्या दिवशी मी तुला फोन करणारच होतो. त्याआधी साहेबांनी बोलावलं. ते म्हणाले की शिकलेला जवान टिकत नाही, डिग्री हातात आली की अर्ज घेऊन उभा राहतो, तूही त्यातलाच का. मग ते म्हणाले की थांबलास तर पोरांना शिकव, आणि मला खोटं पाडून दाखव. निशा, सतरा वर्षांत मला कुणी असं काही मागितलं नव्हतं. उचल, वाहा, पहारा कर, एवढंच मागितलं होतं.

आणि साहेब खोटे पडले. अकरांतले चौघे पुढच्या वर्षी नोकरी सोडणार होते, आता एकही नाही. शिकायला मिळतंय तर थांबतो म्हणतात. भेगेचा रिपोर्ट तुला लिहिलाच होता, तो आदर्शनंच दिलेला. पोरं आता नकाशा वाचताना दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत नाहीत. हे सगळं तुझ्या नोट्सनी केलं. मला असं शिकवताच येत नाही, मी प्रयत्न करून बघितला. माझ्या तोंडून नियम पुस्तकासारखाच बाहेर पडतो.

आता मनातलं सांगतो. तिकडं येऊन मी काय होणार होतो? आपल्या भागातले पेन्शनीवर आलेले किती जण बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे आहेत ते तू बघतेस. डिग्री असली तरी चाळिशीला आलेल्या माणसाला कचेरीत कोण घेतंय? गाडीवाला आला की दार उघडायचं आणि सलाम ठोकायचा. इथं मला सर म्हणतात. ती हाक सोडून यायला माझं मन झालं नाही, आणि तुला ते सांगायची हिंमत झाली नाही. एक विषय राहिला असं सांगितलं की थोडा वेळ मिळेल एवढाच विचार होता. मग पाकिटं येत राहिली.

पुठ्ठ्यावर नाव घालायचं कारकुनानं ठरवलं. मी नको म्हणायला हवं होतं. पण ते मी निस्तरलंय. काल वर्गात उभा राहून सगळ्या पोरांसमोर सांगितलं की या नोट्स माझ्या नाहीत, माझ्या बायकोच्या आहेत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी तुला नमस्कार सांगितलाय.

त्यांची मुक्त विद्यापीठाची परीक्षा मेमध्ये आहे. माझ्यावर राग धर, पण पाचवं आणि सहावं प्रकरण पाठव. पोरांचा यात काही दोष नाही.

तुझी माया आटली असेल तरी तिच्याच आशेवर आहे.

कृष्णात


मार्फत ५६ एपीओ
२ एप्रिल २०२५

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मी आदर्श, अक्रोडवाला. रजा संपवून मार्चच्या सुरुवातीलाच पोचलो. तुमच्या घरचं जेवण अजून तोंडात हाय. बयाबाई आज्जींना पायावर डोकं ठेवून नमस्कार सांगा. पोरांना सांगितलं की मी पाचवी भाकरी स्वतः खाऊन आलो, तर कुणाचा इश्वास बसंना.

पत्र लिहायचं कारण येगळं हाय. सरांना कळवू नका की मी लिहिलं. महिनाभर झाला, सरांच्या नव्या नोट्स येईनात. मी विचारलं तर म्हणाले की डोळे दुखत्यात, लिहायला जमंना, बघू. आमची परीक्षा तोंडावर आलीय पण ते ऱ्हाऊ दे, आम्हास्नी सरांच्या डोळ्यांची काळजी वाटते. ते औषध घालत न्हाईत. तुम्ही पत्रातून जरा दम भरा, तुमचं ऐकतील.

मी सरांना असंही विचारलं होतं की वहिनींकडनं तुमची पुस्तकं मागवू का, आम्ही आमचं वाचतो. तर म्हणाले, उगा त्यांना त्रास देऊ नको, त्यांना त्यातलं काय कळणार. पण वहिनी, तुम्ही त्या दिवशी ते बाड लई वेळ बघत होता. मला वाटलं, तुम्हाला शिकायची आवड असावी. म्हणून धाडस केलं. चुकलं असंल तर धाकटा दीर समजून पोटात घाला.

तुमची माया आमच्या सगळ्या वर्गावर असू द्या.

आपला आज्ञाधारक,
आदर्श


आजरा
१३ एप्रिल २०२५

चि. आदर्श यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. (आशीर्वाद हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी लिहितेय, आणि तुम्हाला तो लागू पडतो.)

तुमचं पत्र मिळालं. सरांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. काळजी करू नका.

तुम्ही धाकटे दीर म्हणून लिहिलंत, म्हणून मीही घरच्यासारखं लिहिते. त्या दिवशी मी बाड फार वेळ बघत होते, कारण ते माझं अक्षर होतं. नोट्स मी लिहिते. इथं आजऱ्यात, काजूच्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत. पाचवी भाकरी माझ्या सासूबाईंची आणि तिचा नियम माझा. त्या दिवशी सांगितलं नाही, कारण ते सरांनी सांगायला हवं होतं. त्यांनी मला लिहिलंय की वर्गात उभं राहून सांगितलं आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या पत्रावरून समजलं की टाळ्या वाजलेल्या नाहीत.

त्यांचं पहिलं खोटं कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. डोळ्यांचं हे आता वाचलं आणि उठून शांतपणे भाजी चिरायला बसले. पाचव्या भाकरीचा नियम खोट्यालाही लागू पडतो. परीक्षेत प्रश्न आला तर हे उदाहरण मात्र लिहू नका.

तुमच्या वर्गावर माझा राग नाही. भेगेचा रिपोर्ट तुम्ही दिलात आणि सहा माणसं वाचली, हे मी चार वेळा वाचलं. मी लिहिलेल्या ओळीचं एवढं चीज माझ्या घरात कधी झालं नव्हतं. तुम्ही सगळे पास व्हायला हवेत.

सोबत एक बंद पाकीट आहे. त्यात पाचवं आणि सहावं प्रकरण आहे. पाकीट सरांच्या हातात द्या. पहिल्या पानावर मी तीनच ओळी लिहिल्यात: या नोट्स निशिगंधा देसाई, आजरा, यांनी लिहिल्या आहेत. आधीच्याही त्यांच्याच आहेत. आता त्यांच्याकडूनच पुढं शिका. सरांनी ते पान वर्गात मोठ्यानं वाचावं, एवढीच माझी अट आहे. बाकी कुठल्याही पानावर माझं नाव नाही, मुद्दामच घातलेलं नाही. त्यांनी स्वतःहून वाचलं तरच ते मला हवंय. तुम्ही मध्ये काही बोलू नका, हे पत्रही कुणाला दाखवू नका.

त्यांनी वाचलं तर पुढची पाकिटं पूर्वीसारखी त्यांच्या नावानं येतील, आणि मीही त्यांना पुन्हा पत्र लिहायला सुरुवात करीन. न वाचल्यास तुमच्या नावानं येतील. परीक्षेपर्यंत एकही प्रकरण चुकणार नाही, हा माझा शब्द.

जूनपासून माझा पत्ता बदलेल. मी आणि प्रियदर्शनी कोल्हापूरला झुंबरबाईंच्या खोलीत राहायला जातोय. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरलाय, अर्थशास्त्र घेतलंय. मला वाटलं होतं की आई आजऱ्यातच राहतील. काल त्यांनी आपलं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं आणि म्हणाल्या की मीबी येतेय, पोरगी शिकणार तर तिला भाकरी कोण घालणार. पोरगी म्हणजे प्रियू असं मला वाटलं होतं. त्या माझ्याविषयी बोलत होत्या.

सरांनी काय केलं ते मला कळवा. रिपोर्ट लिहिता तसं. पहिलं काय पाहिलं ते, मग काय वाटलं ते.

लोभ असू द्यावा, शिकणाऱ्यांचा मला हवाच आहे.

तुमची वहिनी,
निशिगंधा


मार्फत ५६ एपीओ
२७ एप्रिल २०२५

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

काय पाहिलं ते लिहितो.

पाकीट सरांच्या हातात दिलं. आम्ही अकराही जण बसलेलो होतो. सरांनी ते फोडलं, पहिलं पान वाचलं, मनातल्या मनात. मग आमच्याकडं बघितलं. माझ्याकडं जरा जास्त वेळ. मग ते पान घडी घालून वरच्या खिशात ठेवलं, बटण लावलं, आणि दुसऱ्या पानापासून शिकवायला सुरुवात केली. चांगलं शिकवलं. मध्ये एकदा त्यांचा हात खिशाकडं गेला. मला वाटलं, आता काढतील. बटण लागलंय का ते बघून हात खाली आला. तास संपला तसे निघून गेले. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही वाट बघितली. तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी काही बोललो न्हाय.

काय वाटलं ते मला अजून लिहिता येत न्हाय. सर म्हणून ज्यांच्या पाया पडलो त्यांच्याविषयी तसं लिहायला हात रेटत न्हाय.

तुमचे आशीर्वाद अकराही जणांवर असू द्यात. पुढचं पाकीट माझ्या नावानं पाठवा.

आपला विद्यार्थी,
आदर्श